एकावर बारा शून्यं

ताई,

काल दुपारी जेवून जरा आडवी झाले आणि डोळा लागला, तर तुम्ही आलात. कुठून आलात ते कळलं नाही, स्वप्नात दारं नसतात. राखाडी काठाची पांढरी साडी, खांद्याला ती ऑफिसची कापडी पिशवी, आणि समोर तुमच्या विजेच्या कंट्रोल रूमची भिंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल-हिरव्या दिव्यांची. पण दिव्यांच्या जागी शून्यं होती. मोठाली, गोल, हलकी शून्यं. ती भिंतीवरून सुटून खोलीभर तरंगत होती आणि गच्चीवर वाळत घातलेल्या साड्यांमधून वाट काढावी तशी तुम्ही एकेक बाजूला सारत पुढे चालला होतात. मी मागून विचारलं, "ताई, किती झाली?" तुम्ही वळलात आणि कानाकडे बोट दाखवलंत. कानामागे ऐकायचं मशीन नव्हतं. मला जाग आली तेव्हा बाहेर भर दुपारचं ऊन होतं आणि खाली भंगारवाला ओरडत होता.

नसणारच मशीन. ते माझ्याकडे आहे. तुम्हाला शेवटची अंघोळ घालताना मीच ते तुमच्या कानामागून काढलं आणि मुठीत घेतलं, तेव्हा त्याने बारीक शिट्टी वाजवली. चालू मशीन मुठीत धरलं की वाजतंच, दिवसातून दहादा मी दुकानात ऐकते. तरी त्या दिवशी मी मूठ उघडून बघितलं.

तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले. परवा तुमच्या विठ्ठलवाडीच्या खोलीत पुण्यानुमोदन झालं. तुमच्या ऑफिसातली जुनी माणसं आली होती, पांढरे शर्ट घालून, अवघडून सतरंजीवर बसलेली. एक जण उठून म्हणाले, ताईंच्या डेस्कवर बावीस वर्षांत आकडा कधी चुकला नाही. दुसरे म्हणाले, एवढा मोठा भार त्यांनी एका फोनवर पेलला. सगळे मोठमोठ्या आकड्यांत बोलत होते. मी मागे मोरीच्या दाराशी बसले होते आणि माझ्या डोक्यात एकच बारीक गोष्ट फिरत होती. तुम्ही जायच्या आधीच्या रविवारी मी तुम्हाला जे सांगितलं, ते तुम्ही ऐकलंत का? तेव्हा तुमच्या कानातलं मशीन चालू होतं का? बाकी कशाचं मला काही पडलं नव्हतं, खोटं कशाला बोलू.

लग्न होऊन मी तुमच्या घरी आले तेव्हा सगळ्यांनी मला तुमची भीती घातली होती. नणंद, त्यात लग्न न केलेली, त्यात इंजिनीयर, त्यात शिफ्टची नोकरी. दुसऱ्याच दिवशी तुम्ही चहाचा कप पुढे करून मला विचारलंत, की आयटीआय करून तू ज्या दुकानात लागलीस तिथं काय मोजतात. मी म्हटलं, कानाची मशीनं दुरुस्त करते, तिथं मिलिवॉट, मायक्रोवॉट. तुम्ही तुमचा कप खाली ठेवलात.

"आमच्याकडे मेगावॉट," तुम्ही म्हणालात. "म्हणजे तुझ्या-माझ्यात बारा शून्यं आहेत. जमवून घ्यावं लागेल."

मला वाटलं, झालं, ही मला पहिल्याच दिवशी पायरी दाखवतेय. मग तुमच्या डोळ्यांकडे बघितलं तर तुम्ही चांगल्या खुशीत होतात. घरात तुमचं गणित कळणारं कोणीतरी आलं होतं. मिलिंदला, म्हणजे तुमच्या भावाला, विजेचं बिल सोडून विजेतलं काही कळत नव्हतं आणि अजूनही कळत नाही.

एका मेगावॉटमध्ये दहा लाख वॉट, आणि एका वॉटमध्ये दहा लाख मायक्रोवॉट. एकावर बारा शून्यं. शाळेत पाठ केलेलं एकं-दहं-शतं तुम्हाला अजून तोंडपाठ होतं. लक्ष, कोटी, अब्ज, खर्व, निखर्व करत तुम्ही बोटांच्या पेरांवर चढत जायचात आणि महापद्मावर येऊन थांबायचात, गडावर पोचल्यासारखा दम घेऊन. एक मेगावॉट म्हणजे एक महापद्म मायक्रोवॉट. मला तो शब्द उच्चारतानाच गुंगी यायची. एवढी मोठी गोष्ट एवढ्या छोट्या गोष्टींची बनलेली असते, यावर माझा कधी पुरता विश्वास बसला नाही.

एकदा तुम्ही मला तुमच्या ऑफिसात नेलंत, ठाण्याच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. आत गारठा होता आणि कोणी मोठ्याने बोलत नव्हतं, विहारात आल्यासारखं. भिंतीवर तारांच्या रेघा, रेघांच्या टोकांना दिवे, आणि सगळ्यांच्या वर एक लाल आकडा, पन्नासच्या आसपास हळूहळू हलणारा. तुम्ही समजावलंत, की सगळी माणसं मिळून जेवढी वीज ओढतात आणि सगळी वीजघरं मिळून जेवढी देतात, ते जुळलं की हा पन्नासवर राहतो. ओढ जास्त झाली की घसरतो. फार घसरला की कोणाचं तरी कमी करायचं. त्या भिंतीवर मी विठ्ठलवाडी शोधली. दोन ठिपके सापडले. मी विचारलं, आपलं घर कुठंय? तुम्ही म्हणालात, "घर इथं दिसत नाही गं. या भिंतीवर दिसायला घर फार लहान असतं." किती साधेपणाने म्हणाला होतात. पुढे त्याच वाक्यावर मी तुम्हाला पकडलं.

तिथली एक रीत मला फार आवडली होती. फोनवर कोणी काही सांगितलं, की ऐकणाऱ्याने ते जसंच्या तसं परत म्हणायचं आणि शेवटी "बरोबर" म्हणून वेळ लिहायची. मेगावॉट हा शब्द कोणी उच्चारतच नसे. सत्तर कमी. सत्तर कमी, चौदा वाजून दहा मिनिटं, बरोबर. ही खोड तुम्ही घरीही आणली होती. दूध अर्धा लिटर, कोथिंबीर एक जुडी, बरोबर. तुम्ही परत म्हणाला नाहीत म्हणजे तुम्हाला ऐकू आलेलं नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मग लोडशेडिंगची वर्षं आली.

माझे वडील, आबा, ठाकुर्लीला एकटे राहायचे. दम्याने पोखरून गेले होते. भाड्याने आणलेलं ऑक्सिजनचं मशीन उशाशी अखंड घुरघुरत असायचं, साडेतीनशे वॉटचं. मे महिन्यातल्या एका दुपारी दोन वाजता लाईट गेली. शेजारच्या काकूंनी दुकानात फोन केला. मी पोचले तेव्हा आबांचे ओठ निळे पडले होते आणि काकू पुठ्ठ्याने वारा घालत होत्या. रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. वाचले. दिवाळीपर्यंत होते, नंतर गेले ते वेगळ्या दुखण्याने. पण त्या दुपारी मी त्यांना धरून रिक्षात बसले होते, तेव्हा ते माझ्या मांडीवर गेले असंच मला वाटलं होतं.

तुम्ही शिफ्ट संपवून तशाच हॉस्पिटलात आलात, हातात चहाचा थर्मास. मी तुम्हाला बसा म्हटलं नाही. मी विचारलं, आज किती कमी करायला सांगितलंत? तुम्ही खरं सांगितलंत, तुम्हाला दुसरं येतच नव्हतं. सत्तर.

"त्या सत्तरात माझे आबा होते," मी म्हटलं. "तुमच्या भिंतीवर दिसत नाहीत एवढे लहान."

आणि तुम्ही, ताई, सवयीने परत म्हणालात. अगदी हळू. "सत्तरात आबा होते. बरोबर." थर्मास बाकावर ठेवलात आणि निघून गेलात.

त्यानंतर तुम्ही माझ्याशी वागायच्या त्यात तसूभर फरक केला नाहीत. आम्ही डोंबिवलीला वेगळे राहायला गेलो तेव्हा पातेली तुम्ही घेऊन दिलीत. आबांच्या कार्याला तुम्ही सगळ्यांत आधी येऊन सगळ्यांत शेवटी गेलात. पण एकदा औषधाच्या दुकानात तुमच्या पर्समधून एक घडी घातलेला कागद पडला. मी उचलला. जुन्या पाकिटाच्या मागे तुमच्या अक्षरात लिहिलं होतं: सत्तर मेगावॉट, भागिले साडेतीनशे वॉट, बरोबर दोन लाख. त्याखाली काही नव्हतं. आबांच्या मशीनसारखी दोन लाख मशीनं. तुम्ही माझ्या हातातून कागद घेतलात, पुन्हा तशीच घडी घातलीत आणि पर्समध्ये ठेवलात. घड्यांवर तो फाटायला आला होता. मी तेव्हाही काही बोलले नाही.

आणि बोलायला हवं होतं, कारण मी जे म्हटलं होतं ते खोटं होतं. मला तेव्हाही माहीत होतं. का खोटं होतं, हे तुम्हाला सांगायला मला अठरा वर्षं लागली.

तुम्ही रिटायर झालात आणि वर्षभरात तुमचे कान गेले. तुम्ही कोणाला न सांगता आमच्या दुकानात आलात, नंबराचा बिल्ला घेतलात आणि बाकावर इतर म्हाताऱ्यांबरोबर बसलात. मी नाव पुकारलं तरी तुम्हाला ऐकू आलं नाही. मशीन लावून दिलं तेव्हा तुम्ही पहिल्यांदा वर बघितलंत. पंखा एवढा बोलतो, म्हणालात. मला हसू आलं आणि रडूही आलं. एवढ्या मोठ्या भिंतीसमोर बसलेली बाई आता माझ्या मापाच्या जगात आली होती. मशीन खायचं दोन मिलिवॉट, म्हणजे दोन हजार मायक्रोवॉट, आणि वाटाण्याएवढा एक सेल त्याला एकशे ऐंशी तास पुरायचा.

त्या सेलची एक गंमत असते. त्याच्या पाठीवर केशरी स्टिकर असतो. तो काढला की सेल हवा घेतो आणि मग जागा होतो. म्हणून स्टिकर काढल्यावर लगेच मशीनमध्ये घालायचा नाही, मिनिटभर उघडा ठेवायचा. मी दर पंधरा दिवसांनी, जमेल तेव्हा विठ्ठलवाडीला यायची, तर तुम्ही बहुतेक माझ्यासाठीच सेल संपवून ठेवलेला असायचा. नवा सेल टेबलावर, मशीन काढून बाजूला, आणि आपण दोघी समोरासमोर. तुम्हाला त्या मिनिटात काहीच ऐकू यायचं नाही. मग तुम्ही एक गणित घालायचात आणि मी बोटांनी उत्तर द्यायची, किती शून्यं ते दाखवून. किलोवॉटचे मिलिवॉट किती? सहा. वॉटचे मायक्रोवॉट? तेही सहा. गिगावॉटचे मिलिवॉट? दोन्ही हात उघडून दहा, मग वर दोन. तुम्ही मान हलवायचात, बरोबर. ते एक मिनिट फार लांब असायचं, ताई. खिडकीतून ऊन तुमच्या टेबलावर यायचं आणि सेल त्या उन्हात पडून श्वास घेत असायचा. आबांचं काही त्या मिनिटात नसायचं. माझ्या जन्मात मी इतकी निवांत दुसरीकडे कुठे बसलेली मला आठवत नाही.

एका दिवशी मी तुम्हाला नवीनच गणित दिलं. माणूस साधं बोलतो तेव्हा त्याच्या तोंडातून जो आवाज निघतो, त्याची ताकद दहा मायक्रोवॉटच्या आसपास असते. तुम्ही पेन्सिल घेऊन बसलात. जगातली सगळी, आठशे कोटी माणसं एकदम बोलायला लागली तर? उत्तर आलं ऐंशी किलोवॉट. मेगावॉटचा बारावा भागसुद्धा नाही. तुम्ही कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत होतात. मग म्हणालात, म्हणजे साऱ्या जगाची भांडणं एका सोसायटीच्या लिफ्टा आणि पंपांत बसतात. मी हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही पेन्सिलीने दहा मायक्रोवॉटच्या खाली एक रेघ ओढलीत, आणि मला वाटलं आता तुम्ही हॉस्पिटलातलं ते वाक्य काढणार. काढलं नाहीत. मीही काढलं नाही. चहा गार झाला.

आपलं एकाच गोष्टीवरून कायम वाजायचं. सेल संपत आला की मशीन टुं-टुं करून सांगतं. मी म्हणायची, टुं-टुं झालं की लगेच बदला, नाहीतर कोणाशी बोलता बोलता बंद पडेल. तुम्ही ऐकायच्या नाहीत. पूर्ण मरेपर्यंत वापरायच्या. "चालत्या मशीनला हात लावायचा नाही," ही तुमच्या डेस्कवरची शिकवण. चालतंय ते चालू द्यायचं, आपणहून थांबेल तेव्हा बघू. किती वेळा भाजीवाल्यासमोर तुमचा सेल मेला, बँकेत मेला, एकदा तर मिलिंद तुम्हाला प्रमोशनची बातमी सांगत होता तेव्हा मेला आणि तुम्ही त्याला म्हणालात, बरं झालं, डॉक्टरला दाखव. तरी तुम्ही बदलला नाहीत. मी शेवटी हात टेकले. तुमच्या नादी लागण्यात अर्थ नव्हता.

मग तो रविवार. शनिवारी मी फोन केला होता, उद्या येते, थोडं बोलायचंय. तुम्ही म्हणालात, "उद्या. बोलायचंय. बरोबर." इतक्या वर्षांनी अचानक का, ते मला नीट सांगता येणार नाही. त्या आठवड्यात दुकानात एका गिऱ्हाइकाच्या वडिलांचं ऑक्सिजनचं मशीन बाजूला घुरघुरत होतं, एवढंच. तो आवाज घरी माझ्याबरोबर आला आणि जाईना.

अकरा वाजता मी आले. तुम्ही खिडकीशी खुर्चीत बसला होतात, न्हालेल्या, केस मोकळे. मशीन कानामागे होतं, मी बघितलं. मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही आणि बोलायला सुरुवात केली, ठेवली असती तर धीर गेला असता. मी सांगितलं, की लोडशेडिंगचं वेळापत्रक आबांच्या भिंतीवर मीच माझ्या हाताने चिकटवलेलं होतं. त्या दिवशी ठाकुर्लीची पाळी दोन ते सहा होती आणि ते मला पाठ होतं. लाईट जाईल तेव्हासाठी एक ऑक्सिजनचा सिलिंडर होता. तो चार दिवस रिकामा पडला होता. त्या दिवशी सकाळी मी तो भरून आणणार होते. दुकानात गर्दी होती, उन्हाचा कंटाळा आला, म्हटलं उद्या आणू. तुम्ही सत्तर म्हणाला नसतात आणि दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, तरी ठाकुर्लीची लाईट दोनला जाणारच होती.

"सत्तरात आबा नव्हते, ताई," मी म्हटलं. "माझ्या एका सिलिंडरात होते."

तुम्ही बाहेर बघत होतात. समोरच्या गॅलरीत कोणीतरी साडीवर पापड पसरत होतं, तुमचे डोळे तिकडे. तुम्ही परत म्हणाला नाहीत. मी वाट बघितली. पापड सात-आठ तरी पसरून झाले असतील. मग तुम्ही माझ्याकडे वळून अगदी मऊ आवाजात विचारलंत:

"वनिता, एका मेगावॉटमध्ये मायक्रोवॉट किती?"

ते तर तुम्ही मशीन बंद असतानाच विचारायच्या. म्हणजे सेल मेला होता. नेहमीसारखा, बोलता बोलता. अठरा वर्षांचं सगळं मी बंद कानाला सांगितलं होतं. मी पिशवी खाली ठेवली आणि तुम्हाला बोटं दाखवली. दहा, मग वर दोन. तुम्ही माझ्या बोटांकडे नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिलात. "बरोबर," म्हणालात. "आता चहा ठेव."

मी गॅसपाशी उभी राहून रडले. पुन्हा सांगायचं बळ नव्हतं. सेल बदलू का, एवढंही मी विचारलं नाही, भित्रेपणा, दुसरं काय. ठरवलं, पुढच्या रविवारी यायचं, माझ्या हाताने नवा सेल घालायचा आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. बुधवारी दुपारी तुम्ही जेवून झोपलात त्या उठलाच नाहीत.

शिट्टी वाजली होती खरी, तुम्ही गेल्यावर, माझ्या मुठीत. पण त्याने काय सिद्ध होतं? मी गेल्यावर तुम्ही सेल बदलला असेल. सोमवारी बदलला असेल. नऊ दिवस मी हेच उलटसुलट करत होते. मिलिंद म्हणाला, अगं, ऐकलं असेल तिने. त्याला काय सांगू, की असेलवर माझं भागणार नाही.

आज सकाळी तुमची खोली आवरायला गेले. भांडी काढली, साड्यांच्या घड्या केल्या. स्वयंपाकघरात कॅलेंडर आहे ते मी शेवटी घ्यायचं ठरवलं होतं, मुद्दामच. ज्या दिवशी सेल बदलाल त्या दिवसाच्या चौकोनात स्टिकर लावा, हे मीच तुम्हाला शिकवलेलं, आणि त्याशेजारी वेळ लिहायची हे तुम्ही आपल्या मनाने घातलेलं. मागची पानं उलटली. केशरी ठिपके, चौदा दिवसांनी एक, पंधरा दिवसांनी एक, तुमच्या सगळ्या आयुष्यासारखे नेमाने. मग शेवटचं पान. एक ठिपका गुरुवारी, सव्वाआठ. आणि त्यानंतर तीनच दिवसांनी, त्या रविवारी, दुसरा ठिपका. बाजूला तुमच्या अक्षरात दहा चाळीस.

मी अकराला आले होते.

तरी माझा जीव मानेना. म्हटलं, गुरुवारचा सेल खराब निघाला असेल, तीन दिवसांत मेला असेल, म्हणून बदलला. निघतात असे. वापरलेले सेल तुम्ही ओट्यावरच्या पावडरच्या डबीत टाकायच्या आणि मी येऊन रिकामी करायची. त्या रविवारच्या आधीच्या खेपेला मीच ती रिकामी केली होती. आता आत दोन सेल होते. डबी पिशवीत टाकली, खोलीला कुलूप लावलं आणि थेट डोंबिवलीला दुकानात आले. शटर अर्धं उघडलं. टेस्टर काढला. पहिला सेल ठेवला, काटा हललाच नाही. तो गुरुवारी मेलेला. दुसरा ठेवला.

काटा सरळ हिरव्यात गेला. मी काढून पुन्हा ठेवला. पुन्हा हिरव्यात.

किती वेळ मी त्या काट्याकडे बघत उभी होते कोण जाणे. समोरच्या झेरॉक्सवाल्याने विचारलं, वहिनी, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, चालू आहे.

तो सेल चालू होता, ताई. तुम्ही त्या दिवशी चालता सेल काढलात. भाजीवाल्यासाठी नाही, बँकेसाठी नाही, सख्ख्या भावाच्या प्रमोशनसाठी काढला नाहीत. मी फोनवर बोलायचंय म्हटलं, आणि मधेच टुं-टुं नको म्हणून तुम्ही दहा चाळीसला स्टिकर सोलून, मिनिटभर एकट्या थांबून, नवा सेल घातलात आणि केस मोकळे सोडून खिडकीशी बसलात. म्हणजे तुम्ही ऐकलंत. वेळापत्रक, रिकामा सिलिंडर, उन्हाचा कंटाळा, सगळं. परत म्हणाला नाहीत, कारण परत म्हणायचं तर ते जुनं वाक्यही पुन्हा तोंडातून काढावं लागलं असतं, आणि अठरा वर्षं ते तुमचं मनातल्या मनात म्हणून झालं होतं. तुम्हाला फक्त आपलं ते मिनिट हवं होतं. ते तुम्ही मागून घेतलंत, आणि मी खुळी, बंद कानाची समजून बोटं नाचवत बसले.

तुमच्यावर रागवायचं का पाया पडायचं, मला अजून कळत नाहीये. सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? गॅसपाशी आला असतात, पाठीवर हात ठेवला असतात. पण मग त्या तुम्ही नसतात.

आता संध्याकाळचे पाच वाजलेत. तुमचं मशीन माझ्यासमोर टेबलावर आहे. त्यातला नवा सेल काढला आणि तुम्ही काढलेला तो घातला. हवा तर त्याने कधीच घेतली होती, तरी मी मिनिटभर थांबले. मनातल्या मनात दोन्ही हात उघडून दहा मोजले, मग वर दोन. त्यात अजून शंभरावर तास असतील. हे सगळं मी लिहिता लिहिता त्याला मोठ्याने वाचून दाखवतेय, दहा मायक्रोवॉटच्या आवाजात. दुकान बंद करताना मशीनचं दार उघडून सेल वेगळा ठेवायचा असतो, मी सगळ्यांना तसं बजावते. आज मी दार उघडलेलं नाही. तो आपणहून थांबेपर्यंत मी त्याला हात लावणार नाही.